नाशिक ते पुणे : साडेसातशे रुपयांचे अंतर

निकाल लागले की नाशिकच्या आपल्या वस्त्यांत एकच हिशेब सुरू होतो. मुलीला शिकायला पुण्याला पाठवायचे, पण परवडेल का? सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर राबणारा बाप वहीच्या पाठकोऱ्या पानावर आकडे मांडतो. खोलीभाडे, डिपॉझिट, मेस, बस. नाशिकला मुलगी घरचा डबा घेऊन कॉलेजला जाते. पुण्यात घोटभर चहालाही पैसे मोजावे लागतात.

हाच हिशेब शासनानेही मांडला आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयाने पुण्या-मुंबईसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले, तर नाशिकसारख्या महापालिका शहरासाठी ५१ हजार. फरक नऊ हजारांचा, म्हणजे महिन्याला अवघे साडेसातशे! त्यात निवासाचे पुण्याला २० हजार, नाशिकला १५ हजार. म्हणजे पुण्यात डोक्यावरच्या छपराला महिन्याकाठी सतराशे रुपयेही नाहीत. एवढ्यात तिथे कोणती खोली मिळते, हे आकडा ठरवणाऱ्यांनी एकदा शोधून दाखवावे.

आता साहेबांचा हिशेब पाहा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याची नाशिकहून पुण्याला बदली झाली की घरभाडे भत्त्याचा दर बदलतो. २०१७ मध्ये तो पुण्याला मूळ वेतनाच्या २४ टक्के आणि नाशिकला १६ टक्के होता. महागाई भत्ता वाढला की हा दरही वाढेल, असा नियम तेव्हाच केला गेला. जानेवारी २०२४ पासून तो ३० आणि २० टक्के झाला. नोकरदाराचे घरभाडे महागाईबरोबर चढते. मग विद्यार्थ्यालाच ठोक आकडा का?

आणखी एक खर्च कोणत्याच तक्त्यात येत नाही. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. पगार होता, पदवी होती, पण जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत राहिले, आणि तिथूनही त्यांना हुसकावले गेले. आज दलाल आधी आडनाव विचारतो, मग काय खाता ते विचारतो. एक दार बंद झाले की खोली आणखी लांब जाते आणि बसभाडे वाढते. हे जातीचे भाडे आमची मुले भरतात, त्याची पावती कुणी देत नाही!

म्हणून आमची मागणी साधी आहे. स्वाधारची रक्कम महागाई भत्त्याशी जोडा, आणि ती सत्र सुरू होतानाच हातात द्या. घरमालक एक तारखेला दारात उभा राहतो, फाईल कुठे अडली हे तो विचारत नाही.

आणि पुण्यात स्थिरावलेल्या बांधवांनो, तुम्हीही असेच गेला होतात. खोली मिळेपर्यंत पहिला महिना एका मुलाला आपल्या घरात जागा द्या. तेवढ्याने एखादे शिक्षण वाचेल.