टपालाची पेटी झाडताना : आधी नक्कल, मग सफाई



२०२२ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या शेतकी कार्यालयात एक प्रकार घडला. तो झाकून ठेवण्यापेक्षा सांगितलेला बरा, म्हणून या लेखाची सुरुवात आम्ही तिथूनच करतो.

आडसाली लागणीच्या नोंदी चालू होत्या. गट कार्यालयात येऊन नोंद देणारे सभासद नेहमीप्रमाणे होतेच. पण ज्यांची शेती इथे आणि नोकरी पुण्या-मुंबईला, अशा काही जणांनी गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख लिहून नोंदी ई-मेलने पाठवल्या होत्या. एके दिवशी दुपारी संगणकाच्या पडद्यावर प्रश्न आला, की जागा वाचवण्यासाठी फोल्डर कॉम्पॅक्ट करायचे काय? आमच्या माणसाने 'हो' म्हटले आणि तो चहाला गेला. काम अर्धे झाले असेल-नसेल तोच लाईट गेली. लाईट आल्यावर पाहतो तो पेटीत थोडीच पत्रे दिसू लागली. घाबरून त्याने पुन्हा तीच सफाई केली. झाले! तीन आठवड्यांची पत्रे कायमची गेली.

लागणीच्या तारखेवर तोडणीचा क्रम लागतो, हे सभासदांना वेगळे सांगायला नको. ज्यांनी पाठवलेल्या पत्राची प्रत जपून ठेवली होती, त्यांची नोंद दोन दिवसांत परत झाली. ज्यांच्याकडे प्रत नव्हती, त्यांच्या फडावर माणूस पाठवावा लागला, बेण्याच्या पावत्या शोधाव्या लागल्या. त्यातूनही दोघांची नोंद मागे पडली ती पडलीच. पुढच्या हंगामात उसाला तुरा येऊन गेला तरी त्यांना तोड मिळाली नव्हती. चूक आमची होती. त्या दोघांपुढे आम्ही ती कबूल केली आहे, आणि आज सर्वांपुढे करतो.

आता तुम्ही म्हणाल, हा कार्यालयाचा प्रश्न, आम्हाला त्याचे काय? पण आज सभासदांच्या घरी, सेवा सोसायटीत, उपसा सिंचन संस्थेत, कृषी सेवा केंद्रात संगणक आहेत. माती परीक्षणाचा अहवाल, बँकेचा उतारा, ठिबकच्या अनुदानाचे कागद, परगावच्या मुलाची पत्रे हे सगळे त्यातच असते. तेव्हा ही पत्रे जातात कशी, हे प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

पत्रे असतात कुठे?

मोबाईलवर आपण जे ई-मेल पाहतो ते बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असते. कार्यालयातून मात्र पुष्कळदा वेगळा प्रोग्राम वापरतात. थंडरबर्ड हा त्यातला एक. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये निघाली आणि तो फुकट मिळतो. त्याआधी विंडोज एक्सपीबरोबर येणारा आऊटलुक एक्सप्रेस पुष्कळ ठिकाणी चालत असे. असे प्रोग्राम पत्रे आपल्याच संगणकाच्या डिस्कवर साठवू शकतात.

पत्रे आणण्याच्या दोन पद्धती आहेत. 'पॉप' पद्धतीत पत्र सर्व्हरवरून आपल्याकडे येते आणि तशी सूचना दिलेली असेल तर सर्व्हरवरचे काढून टाकले जाते. म्हणजे जगात त्या पत्राची एकच प्रत राहते आणि ती आपल्या डिस्कवर. 'आयमॅप' पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवर राहते, आपल्याकडे फक्त त्याची प्रत असते. आमच्या कार्यालयात पॉप पद्धत होती आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण केलेली नव्हती. नुकसान भरून आले नाही ते यामुळे.

पत्र पुसले म्हणजे काय होते?

थंडरबर्डची नेहमीची मांडणी अशी, की एका फोल्डरची सगळी पत्रे एकाच मोठ्या फाईलीत एकाखाली एक लिहिली जातात. आवक-जावक रजिस्टरच समजा. पहिल्या पत्राखाली दुसरे, दुसऱ्याखाली तिसरे. त्या फाईलीशेजारी त्याच नावाची, शेवटी 'एमएसएफ' अक्षरे असलेली एक लहान फाईल असते. ती अनुक्रमणिका. कोणते पत्र रजिस्टरात कुठे सुरू होते, हे ती सांगते. पडद्यावर दिसणारी यादी या अनुक्रमणिकेवरून तयार होते.

आपण पत्र पुसतो तेव्हा त्याची नक्कल 'ट्रॅश' फोल्डरात जाते आणि मूळ पत्रावर 'रद्द' अशी खूण होते. यादीत ते दिसत नाही, पण रजिस्टरात मजकूर जसाच्या तसा राहतो. लाल शाईने रेघ मारली, पान फाडले नाही. म्हणूनच शेकडो पत्रे पुसली तरी फाईलीचा आकार कमी होत नाही, आणि चुकून पुसलेले पत्र जाणकार माणूस त्या फाईलीतून परत काढू शकतो. हा मार्ग सफाई होईपर्यंतच उघडा असतो.

सफाई म्हणजे काय?

कॉम्पॅक्ट करणे म्हणजे नवे रजिस्टर घालणे. प्रोग्राम एक नवी तात्पुरती फाईल उघडतो, रद्द न झालेली पत्रे एकेक करून तिच्यात उतरवतो, आणि शेवटी जुनी फाईल काढून तिच्या जागी नवी ठेवतो. सफाईत प्रोग्राम फक्त पुसलेली पत्रे उचलून टाकतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे नाही. ठेवायची पत्रेसुद्धा सगळीच्या सगळी हलवली जातात. म्हणून सफाई बिघडली तर चांगल्या पत्रांना धोका पोचतो.

ही सफाई नकोच, असे मात्र नाही. ती केली नाही तर फाईल फुगत जाते, प्रोग्राम मंद होतो, आणि फार फुगलेल्या फाईलीची अनुक्रमणिका बिघडण्याचा संभव वाढतो. नांगरट करायचीच आहे, फक्त वाफसा बघून करायची आहे.

नुकसान कशाने होते?

पहिले कारण वीज. उतरवण्याचे काम अर्ध्यावर थांबले तर जुनी फाईल बहुतेक वेळा शाबूत असते, पण ती आणि अनुक्रमणिका यांचा मेळ बसत नाही.

दुसरे कारण बिघडलेली अनुक्रमणिका. ती चुकीची असताना सफाई केली, तर ज्या पत्रांचा ठावठिकाणा तिच्यात नाही ती नव्या रजिस्टरात उतरतच नाहीत. आमचे खरे नुकसान लाईट गेल्याने झाले नाही. लाईट आल्यावर घाईने केलेल्या दुसऱ्या सफाईने झाले.

तिसरे कारण जागेची टंचाई. गोदामात पोत्यांची थप्पी नव्याने लावायची तर शेजारी मोकळी जागा लागते. तसेच इथे जुनी आणि नवी अशा दोन्ही फाईली काही काळ एकाच वेळी डिस्कवर असतात.

चौथे कारण व्हायरस शोधणारा प्रोग्राम. एका पत्रात काही वाईट आढळले तर तो पुष्कळदा सगळी फाईलच अडकवून ठेवतो, कारण त्याच्या दृष्टीने हजार पत्रांची मिळून ती एकच वस्तू असते. सफाई चालू असताना त्याने फाईल धरून ठेवली तरी काम बिघडते.

आम्ही आता काय करतो

१. आधी नक्कल. प्रोग्राम पूर्ण बंद करून त्याचे सगळे प्रोफाईल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवतो. ते कुठे आहे हे 'हेल्प' मधील 'ट्रबलशूटिंग' माहितीत सापडते. प्रोग्राम चालू ठेवून केलेल्या नकलेचा भरवसा धरू नये.

२. नक्कल उतरल्यावर मूळ आणि नक्कल यांचा आकार ताडून पाहतो. इथे एक खाचखळगा आहे. बरेच पेन ड्राईव्ह 'फॅट ३२' या पद्धतीने आखलेले असतात आणि त्यांवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल मावतच नाही. मधली सूचना न वाचता 'ओके' दाबले, तर सगळ्यात महत्त्वाची फाईल मागे राहते आणि नक्कल झाली अशी समजूत होते.

३. ज्या फोल्डरची यादी संशयास्पद वाटते, म्हणजे पत्र एक उघडावे आणि मजकूर दुसराच यावा, त्याची अनुक्रमणिका आधी दुरुस्त करतो. फोल्डरवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' मध्ये गेले की 'रिपेअर फोल्डर' असे बटण मिळते. यादी नीट दिसू लागल्यावरच सफाई.

४. सर्वांत मोठ्या फोल्डरइतकी, शक्यतो त्याच्या दुप्पट जागा डिस्कवर मोकळी आहे का ते पाहतो.

५. यूपीएस चालू असल्याशिवाय सफाईला हात लावत नाही. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली हवी. सफाई संपेपर्यंत पत्रे आणणे, पुसणे, प्रोग्राम बंद करणे यातले काही करायचे नाही. चहा नंतर.

६. ठरावीक जागा वाचणार असेल तर सफाई आपोआप करण्याची सोय प्रोग्राममध्ये असते. 'सेटिंग्ज' मध्ये डिस्कच्या जागेसंबंधीच्या भागात ती सापडते. आम्ही ती बंद केली आहे आणि महिन्यातून एकदा, वर सांगितलेल्या क्रमाने, हाताने सफाई करतो.

७. 'इनबॉक्स' मध्ये काही साठवत नाही. नवी पत्रे तिथेच येतात, सर्वांत जास्त उलथापालथ तिथेच होते, म्हणून धोकाही तिथेच जास्त. हंगामाच्या नावाने वेगळे फोल्डर करून निकाली पत्रे त्यात ठेवतो. एकदम पुष्कळ पत्रे हलवायची असतील तर आधी 'कॉपी' करतो, मोजदाद जुळली की मगच मूळ पुसतो.

८. व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामला सांगून ठेवले आहे, की पत्रांच्या फोल्डरला परस्पर हात लावू नये. त्याबदली आलेली जोडपत्रे उघडण्यापूर्वी वेगळी तपासतो.

९. पॉप पद्धतीच्या खात्यात पत्राची प्रत सर्व्हरवर ठेवण्याची खूण केली आहे.

आयमॅपवाल्यांनीही गाफील राहू नये. सर्व्हरवर प्रत असते हे खरे, पण एका ठिकाणी पत्र पुसले की ते सर्व ठिकाणी पुसले जाते. म्हणून सर्व्हरवरची प्रत म्हणजे नक्कल नव्हे. शिवाय 'लोकल फोल्डर्स' या नावाखाली हलवलेली पत्रे फक्त आपल्या डिस्कवर असतात, सर्व्हरवर नाहीत.

पत्रे दिसेनाशी झाली तर

सर्वांत आधी हात थांबवा. पुन्हा सफाई करू नका, नवी पत्रे आणू नका. प्रोग्राम बंद करून आहे त्या स्थितीत सगळ्या फोल्डरची नक्कल काढून बाजूला ठेवा. 'एनएसटीएमपी' अशा नावाची फाईल दिसली तर ती कचरा समजून टाकू नका. अर्धवट राहिलेल्या सफाईची ती तात्पुरती फाईल असते आणि तिच्यात पत्रे असू शकतात.

मग फाईलीचा आकार पाहा. काट्यावर वजन भरते आहे म्हणजे गाडीत ऊस आहे, मग वरची ताडपत्री काहीही सांगो. यादी रिकामी आणि फाईल मात्र मोठी असेल, तर मजकूर बहुधा शिल्लक आहे आणि बिघाड अनुक्रमणिकेत आहे. 'रिपेअर फोल्डर' ने पुष्कळदा सगळी पत्रे परत दिसतात. त्या दिवशी आमच्या माणसाने हे एक बटण दाबले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ कदाचित आली नसती. फाईलच लहान झाली असेल तर मात्र जुन्या नकलेशिवाय उपाय थोडे.

सभासदांना विनंती

ऊस नोंदीचे किंवा अन्य कोणतेही पत्र कारखान्याला ई-मेलने पाठवाल तेव्हा पाठवलेली प्रत पुसू नका. शक्य तर तिची छापील प्रत काढून नोंदीच्या पावतीबरोबर ठेवा. पत्र पोचल्याचे उत्तर आमच्याकडून चार दिवसांत आले नाही तर गट कार्यालयात चौकशी करा. त्यात संकोच नको. आता अशी प्रत्येक नोंद आली त्याच दिवशी आम्ही रजिस्टरात शाईनेही उतरवून घेतो.

ज्या सभासदांना किंवा संस्थांना आपल्या संगणकावरील पत्रांची नक्कल काढून घ्यायची आहे, त्यांनी बाहेरची डिस्क घेऊन कार्यालयात यावे. आमची माणसे करून दाखवतील, तुम्ही शेजारी बसून शिकून घ्यावे. पुढची नोंदणी सुरू होण्यापूर्वी हे एवढे काम सर्वांनी उरकून घ्यावे, ही विनंती.