तरवडीचे ‘दीनमित्र’

वर्तमानपत्र काढायचे तर पुण्या-मुंबईसारखे शहर हवे, ही समजूत मुकुंदराव पाटलांनी खोटी ठरवली. 23 नोव्हेंबर 1910 रोजी त्यांनी सुरू केलेले ‘दीनमित्र’ साप्ताहिक अहमदनगर जिल्ह्यातल्या सोमठाण्यातून आणि मग नेवासा तालुक्यातल्या तरवडीतून 1967पर्यंत चालले. काळ सोयीचा मुळीच नव्हता. त्याच वर्षीच्या प्रेस ॲक्टने छापखान्यांकडून अनामत मागण्याचा अधिकार सरकारला दिला होता, आणि 1911च्या जनगणनेनुसार देशात शंभरात जेमतेम सहा माणसे साक्षर होती. अशा मुलखात आठवड्याचे पत्र सत्तावन्न वर्षे टिकले, याचे कारण संपादकाच्या चिकाटीइतकेच वाचकांच्या गरजेत होते. गावातली लेखणी कुलकर्ण्याच्या हाती होती. साऱ्याचा हिशेब, जमिनीची नोंद, सावकाराचा कागद, यांत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही त्याला आपल्या बाजूने लिहिणारा कोणीतरी हवा होता. मुकुंदरावांनी ती बाजू घेतली. त्यांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ ओवीबद्ध आहे, हे धोरणीपणाचेच म्हणायचे. पोथी ऐकायची सवय असलेल्या माणसाला ते पारावर कोणी वाचून दाखवले तरी पुरे. 1918मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा हा प्रश्न एका गावाच्या कुरबुरीपुरता नव्हता हे उघडच झाले.

‘दीनमित्र’वर ब्राह्मणद्वेषाचा आरोप होतो. तो सगळाच झटकून टाकता येत नाही. टीका कधी वतनावरून घसरून जातीवर जाई, आणि सत्यशोधकी पत्रांत तो दोष एकट्या ‘दीनमित्र’चा नव्हता. पण ‘शेटजी प्रताप’ लिहिणाऱ्या मुकुंदरावांनी सावकारालाही सोडले नव्हते. रोख होता तो अडाण्याच्या अडाणीपणावर पोट भरणाऱ्यांवर.

मग असे पत्र बंद का पडले? सरळ उत्तर असे की एकट्याच्या जिवावर चाललेले पत्र, 1967मध्ये मुकुंदराव गेले आणि संपले. हे उत्तर अपुरे आहे, कारण ‘दीनमित्र’ त्याआधीही एकदा बंद पडले होते. 1888मध्ये गणपतराव पाटलांनी ते मासिक म्हणून काढले होते. त्यांच्या अकाली मृत्यूने ते थांबले, तरी 1910मध्ये ते नाव पुन्हा उचलले गेले. उचलणारे मुकुंदराव म्हणजे ‘दीनबंधु’कार कृष्णराव भालेकरांचा मुलगा, पाटील घराण्यात दत्तक आलेला. पहिल्या मृत्यूनंतर वारस घडवणारी सत्यशोधक चळवळ जिवंत होती, दुसऱ्या वेळी नव्हती. दुसरे उत्तर एसटीचे. 1 जून 1948 रोजी पहिली एसटी धावली ती नेमकी नगर-पुणे रस्त्यावर, आणि शहरी दैनिके खेड्यांत पोचणे सोपे झाले. खरे आहे, पण पुण्याच्या दैनिकाला तरवडीच्या चावडीत काय चालते याच्याशी कर्तव्य नव्हते, म्हणजे ‘दीनमित्र’ची जागा रिकामीच होती. ती भरायची निकड संपली होती. 1930च्या सुमारास ब्राह्मणेतर चळवळीचे पुढारी केशवराव जेधे आणि त्यांच्यामागे ब्राह्मणेतर तरुण काँग्रेसकडे वळले. पुढे याच नगर जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, 1962मध्ये जिल्हा परिषदा आल्या. ज्यांच्या बाजूने ‘दीनमित्र’ भांडत होते, त्यांच्यातला वरचा थर आता स्वतःच सोसायटीचे दप्तर सांभाळू लागला, आणि दप्तर हाती आलेल्याला दप्तराची झडती घेणारे पत्र नकोसे होते. भूमिहीन आणि दलित त्या थराबाहेरच राहिले, त्यांचे गाऱ्हाणे संपले नव्हते; पण वर्गणी भरण्याची ऐपत बहुतेक करून सत्तेजवळ सरकलेल्यांचीच होती. तरवडीत मुकुंदरावांचे स्मारक झाले, त्यांच्या नावाने पुरस्कार दिले जातात. कारखान्याच्या चेअरमनवर ‘दीनमित्र’च्या भाषेत अग्रलेख लिहील असे साप्ताहिक मात्र त्या थराने पुन्हा काढले नाही.