अर्धवट कामाची राखण

सुरतेच्या वेड रस्त्याच्या आसपास यंत्रमागांवर राबणाऱ्या ओडिया कामगारांच्या ज्या मोठ्या सामायिक खोल्या आहेत, व ज्यांना तेथे ‘मेस’ म्हणतात, त्यांत एकाच पथारीवर दिवसपाळीचा मनुष्य रात्री निजतो आणि रातपाळीचा दिवसा. बारा तासांची पाळी संपवून एकजण खोलीत शिरतो तेव्हा दुसरा आपले पांघरूण गुंडाळून कारखान्याच्या वाटेला लागलेला असतो. जागा थोडी आणि माणसे फार अशा या शहराने पाळीची ही वहिवाट इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की वस्तू एक आणि हक्कदार अनेक असा प्रसंग कोठेही आला, तरी येथील मनुष्यास प्रथम पाळी लावणेच सुचते. लिंबायतमध्ये माझ्या मामांच्या घरी संगणकाचा प्रश्न उपस्थित झाला तेव्हाही तोच तोडगा निघाला होता, आणि तो साफ फसला होता.

लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत धुळे, जळगाव व नंदुरबारकडून आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती आहे. जळगावाहून नंदुरबारमार्गे उधन्यास पोहोचणाऱ्या तापी खोऱ्यातील लोहमार्गाने खानदेश सुरतेला जोडला, आणि महापालिकेच्या शिक्षण समितीस गुजराती शाळांबरोबर मराठी माध्यमाच्या शाळाही चालवाव्या लागतात, इतका तो येथे रुजला. मामांची सारी हयात मागाच्या खात्यात गेली. आता ते अहिराणी म्हणी जमवतात. मामेभाऊ रिंग रोडवरच्या एका कापडबाजारात मेहताजी आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, त्याच्या निषेधार्थ सुरतेच्या कापडव्यापाऱ्यांनी त्या जुलैत बाजार बंद ठेवला, आणि बाजार उघडल्यावर मात्र मेहताजींच्या पुढ्यात वहीबरोबर संगणकही आला. तेव्हापासून दरमहा ११ आणि २० या तारखा, म्हणजे विवरणपत्रांच्या मुदती, जवळ आल्या की त्याचे अर्धे काम घरी येते. वहिनी साड्यांना लेस आणि खडे लावण्याचे काम नगावर घेतात व त्याचा हिशेब ठेवतात. पुतणी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकते, पुतण्या गुजराती माध्यमात दहावीला आहे. बिऱ्हाड दीड खोलीचे, आणि संगणक एक, तोही वापरलेला घेतलेला.

पाळीचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले मी स्वतः पाहिले. त्यात अन्याय असा काही नव्हता. प्रत्येकास तास-दीड तास मिळत होता. परंतु पथारी आणि संगणक यांत एक मूलभूत भेद आहे, तो त्या वेळापत्रकाने विचारात घेतला नव्हता. झोप पुरी झाली की पथारीवर मागे काही उरत नाही. लिहिण्या-मोजण्याचे काम मात्र घड्याळाच्या ठोक्याबरोबर पुरे होत नसते. मामेभावाने अर्ध्यावर सोडलेली बिले पुतण्याने गाण्याच्या खिडकीसाठी बंद करावीत, पुतणीने शोधून उघडून ठेवलेली वीस पाने वहिनींनी ‘हा सगळा पसारा कसला’ म्हणून मिटवावीत, आणि मामांनी जाड अक्षरांसाठी पडदा मोठा करून ठेवला म्हणून त्यानंतर बसणाऱ्याने वैतागून तो पुन्हा लहान करावा, असे रोज चाले. भांडण वेळेवरून होत नव्हते. भांडण मोडलेल्या मांडणीवरून होत होते.

मोठमोठ्या विद्यापीठांतही एके काळी हीच अडचण होती. एक प्रचंड यंत्र, त्यापुढे भोके पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन उभे असलेले संशोधक, आणि आपला गठ्ठा आत गेल्यावर कित्येक तासांनी बाहेर येणारे उत्तर, तेही बहुधा चुकलेले, असा तो पाळीचा जमाना होता. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये जी प्रणाली करून दाखवली, तिने एका यंत्राचा काळ इतक्या बारीक तुकड्यांत वाटून दिला की प्रत्येकास यंत्र आपल्यापुरतेच आहे असे वाटावे. काळ वाटला की ओघानेच दप्तरे वेगळी करावी लागतात, आणि दप्तरे वेगळी केली की त्यांना कुलूप लागते. संगणकावरचा परवलीचा शब्द त्याच प्रणालीत रूढ झाला. लगेच पुढच्या वर्षी, १९६२ साली, ॲलन शेर नावाच्या तेथील एका विद्यार्थ्याने सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली. हेतू काय, तर त्यास आठवड्यास चार तास मिळत होते, व ते पुरत नव्हते! दहावीच्या वर्षातील माझ्या पुतण्याला ही हकीकत सांगितली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उमटलेला आदर पाहून मी ती पुन्हा न सांगण्याचे ठरवले.

घरगुती संगणकात हा बंदोबस्त फार उशिरा आला. विंडोज ९८ मध्ये नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी चौकट येई खरी, पण ती एका कळीसरशी नाहीशीही करता येई. दाराला चौकट होती, दार नव्हते. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली व तिच्याबरोबर प्रत्येकाचे स्वतंत्र खाते आणि एकाचे काम मिटवल्यावाचून दुसऱ्याच्या खात्यात जाण्याची सोय घरोघर पोहोचली. युनिक्स व तिच्या वंशातील लिनक्स यांच्यात तर प्रत्येक फाइलवर मालक कोण, त्याच्या गटातील माणसे कोण व इतर जन कोण, आणि यांपैकी कोणास वाचण्याची, कोणास बदलण्याची, कोणास चालवण्याची मुभा, याची नोंद फार पूर्वीपासून आहे. म्हणजे साधन घराघरांत येऊन वीस वर्षे उलटली, आणि तरी बहुतेक घरांत एकच खाते असते व त्यावर दुकानदाराने टाकलेले नाव असते.

मामांच्या घरी ही व्यवस्था पुतणीने एका संध्याकाळी केली, आणि मी शेजारी बसून ती निरखली. कर्म तसे लहान: सेटिंग्जमध्ये जाऊन खात्यांचे पान उघडायचे, नवे नाव लिहायचे, परवलीचा शब्द द्यायचा. पण नावागणिक घरात जी चर्चा होई ती ऐकण्यासारखी होती. मामांना आपल्या खात्यास कुलूपच नको होते.

“माझ्यापाशी चोरी जाण्यासारखं आहे काय?” ते म्हणाले.

“आबा, कुलूप चोरासाठी नाही, ह्याच्यासाठी आहे,” भावाकडे बोट दाखवून पुतणी म्हणाली. “परवा तुमच्या म्हणींच्या मधोमध ह्यानं भूगोलाचे प्रश्न लिहून ठेवले होते.”

वहिनींचे म्हणणे निराळे. “मला कशाला वेगळं? दहा मिनिटांचं तर काम,” असे त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. पुतणीने उत्तर न देता त्यांचे नाव लिहिले. त्या घरात कपाट सामायिक, ट्रंक सामायिक, मोबाइलसुद्धा कोणाच्याही हाती पडणारा. तेव्हा आईच्या नावाची एक जागा, जिच्या आत तिने ठेवलेले तिने ठेवले तसेच सापडेल, ती प्रथमच निर्माण होत होती. आणि एकोणीस वर्षांच्या मुलीस स्वतःकरिताही तीच हवी होती, हे तिने बोलून दाखवले नाही; मलाही ते विचारण्याचे कारण दिसले नाही.

प्रत्येक खात्याची घडण मग निराळी होत गेली. मामांच्या खात्यात अक्षरे दीडपट, पडद्यावर तीनच चित्रे, आणि कळफलक मराठी इनस्क्रिप्टचा. पुतण्याच्या खात्यात गुजराती इनस्क्रिप्ट. येथे एक गंमत लक्षात आली. १९९१ साली भारतीय मानक म्हणून नमूद झालेल्या या मांडणीत भारतीय लिप्यांना एकच बैठक दिलेली आहे, त्यामुळे ‘क’ असो की ‘ळ’, आजोबांची मराठी आणि नातवाची गुजराती एकाच कळीवरून निघते. मामांनी आपल्या खात्यात बोटे बसवली होती ती नातवाच्या खात्यातही अचूक पडली. लिपी तेवढी बदलली. हे पाहून त्यांनी गुजरातीत आपले नाव दोनदा लिहून बघितले. (नातू स्वतः इनस्क्रिप्ट वापरत नाही, रोमन अक्षरांवरून लिहितो, ही गोष्ट वेगळी.)

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी, महिन्याच्या १९ तारखेस लागली. मामेभाऊ बिले जुळवीत बसला असता शिकवणीची वेळ झाली. त्याने विंडोजची कळ आणि ‘एल’ दाबला, पडदा कुलूपबंद झाला, पुतण्याने आपल्या नावाच्या वर्तुळावर टिचकी मारली आणि त्याचे सेशन उघडले. पाऊण तासाने मामेभाऊ परतला तेव्हा त्याची बिले होती तशीच होती, कर्सर ज्या चौकटीत लुकलुकत होता त्याच चौकटीत लुकलुकत होता. पुतणीने टास्क मॅनेजर उघडून ‘युजर्स’ हे पान मला दाखवले. त्यात घरातील माणसांची नावे एकाखाली एक, समोर बसलेल्याच्या नावाखाली त्याची चालू कामे, आणि बाकीच्यांच्या पुढे ‘डिस्कनेक्टेड’ असा शेरा. पण शेऱ्यापुढेच त्यांनी किती स्मृती अडवून ठेवली आहे याचा आकडाही. पडद्याआड गेलेला मनुष्य यंत्राच्या लेखी घरातच असतो, आणि त्याची उघडी पाने जागा खात राहतात. आठ जीबी स्मृतीच्या त्या यंत्रात दोन सेशने सुखाने नांदली. तिसरे उघडताच यंत्राने स्मृतीतला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवण्यास आरंभ केला, व सगळ्यांचेच काम मंदावले. सर्वाधिक जागा हिशेबाने व्यापली नव्हती, ब्राउझरच्या पानांनी व्यापली होती. तेव्हा नियम ठरला तो एवढाच: दोघांपर्यंत कुलूप लावावे, तिसरा बसणार असेल तर पहिल्या दोघांपैकी एकाने काम जतन करून पुरते बाहेर पडावे.

या व्यवस्थेत हास्यास्पद प्रसंगही येतात. काही वेळा पडद्याआडच्या सेशनमधले गाणे चालूच राहते, व समोर बसलेल्यास ते थांबवता येत नाही. मामा म्हणी लिहीत आहेत आणि शाळेस गेलेल्या नातवाचे रॅप संगीत घरभर घुमते आहे, असा योग मी पाहिला. दुसरे असे, की कोणी संगणक बंद करू लागला तर यंत्र इशारा देते की दुसरे कोणी अद्याप वापरात आहे व त्याचे जतन न केलेले काम जाईल. तो इशारा इंग्रजीत असतो, आणि घाईत सगळे त्यास होकार देतात. वहिनींनी मात्र दिला नाही, त्यांनी हाक मारून विचारले, “कुणाचं काही उघडं आहे का?”

उरला प्रश्न कारभाराचा. संगणकात एक खाते असे असते ज्यास सर्व दप्तरे उघडण्याचा, नवी प्रणाली बसवण्याचा, इतरांचे परवलीचे शब्द बदलण्याचा अधिकार असतो, आणि घरचा कर्ता या नात्याने मामेभावाने ते स्वतःकडे मागितले. मोगल अमदानीत सुरतेचा मुत्सद्दी, म्हणजे बंदराचा कारभारी, आणि सुरतेच्या किल्ल्याचा किल्लेदार यांच्या नेमणुका स्वतंत्र असत. एकाने दुसऱ्यावर हुकूम चालवू नये हाच त्यातला हेतू होता, व दोघांच्या वर बादशहा होता. पुतणीला हा इतिहास अवगत नसावा, पण तिने तजवीज तशीच केली: पाचही माणसांना साधी खाती, आणि सहावे ‘कारभारी’ नावाचे, ज्यावर रोज कोणीच बसत नाही. त्याचा परवलीचा शब्द पाकिटात घालून शिधापत्रिकेजवळ ठेवला आहे. कारणही तिने उघड सांगितले: कराच्या नावाने येणाऱ्या खोट्या ईमेलमधले जोडपत्र या घरात सर्वांत तत्परतेने उघडतात ते पप्पाच. साध्या खात्यातून उघडले तर निदान सारे घर बुडत नाही. मामेभाऊ रुष्ट झाला, पण त्याने वाद घातला नाही. मला विचाराल तर घरचा कर्तेपणा आणि यंत्राचा कारभार एकाच हाती असू नये. असला तर बाकीच्यांची कुलपे नावापुरतीच.

दोघांना एकाच वेळी बसता येईल अशीही युक्ती आहे. घरगुती विंडोजमध्ये पडद्यापुढे एका वेळी एकच सेशन चालते, परंतु लिनक्समध्ये दुसरे ग्राफिक कार्ड, दुसरा पडदा, कळफलक व माउस जोडून त्यांची एक वेगळी ‘सीट’ करता येते, व एकाच डब्यावर दोन माणसे दोन स्वतंत्र कामे करतात; लिनक्सच्याच फेडोरा या वितरणाच्या मे २०१२ च्या आवृत्तीपासून ही सोय पुष्कळ सुलभ झाली आहे. पुतणीने ती अभ्यासली आणि सोडून दिली, कारण दुसरा पडदा ठेवण्यास त्या खोलीत जागाच नव्हती.

तेव्हा ज्यांच्या घरी संगणक एक व माणसे अनेक आहेत त्यांना माझी विनंती आहे की दुकानदाराने टाकलेल्या नावावर दिवस काढू नका. प्रत्येकाच्या नावाने, जिचे काम दहा मिनिटांचे आहे तिच्याही नावाने, साधे खाते उघडा. कारभारी खाते निराळे ठेवा. हिशेबाच्या काही प्रणाली आपले दप्तर सर्वांस खुल्या असलेल्या सार्वजनिक फोल्डरात ठेवतात, ते तपासून पाहा. आणि यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी एवढे ध्यानात असू द्या की डिस्क सांकेतिक रूपात बंद केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या यंत्रास लावताच यांपैकी एकही कुलूप चालत नाही.