वारसांकडील दरबारी रौप्यपदकांचें मोल

कोल्हापूर संस्थानच्या जुन्या मानकरी व कामदार घराण्यांत मोडी कागदांच्या रुमालांशेजारीं कधीं कधीं एखादें रौप्यपदकही निघतें. वारसांचा पहिला प्रश्न किंमतीचा असतो, आणि त्याचें उत्तर बहुधा गुजरींतील तराजू देतो. तें उत्तर चांदीचें असतें, पदकाचें नसतें.

प्रथम पदक कोणतें तें ठरवावें. दिल्ली दरबाराचीं १९०३ व १९११ चीं पदकें आकारानें सारखीं, व्यास सुमारें ३८ मिलिमीटर. पहिल्यावर सातव्या एडवर्डची मुद्रा, दुसऱ्यावर पंचम जॉर्ज व राणी मेरी. पाठीमागें दोहोंवरही फारसी लेख. (ह्या लेखामुळें पदकास मोगलाईंत नेऊन बसविणारेही भेटतात!) १९०३ चीं रौप्यपदकें सुमारें २,५०० पाडलीं गेलीं, १९११ चीं ३०,०००. १९३५ च्या रौप्यमहोत्सवाचीं तर ८५,००० वर वांटलीं गेलीं. भावांतील फरक वयापेक्षां ह्या संख्येनें अधिक पडतो.

१९०२ च्या राज्याभिषेकासाठीं शाहू छत्रपति इंग्लंडास गेले होते. त्या समारंभाच्या अधिकृत पदकावर २६ जून ही तारीख आहे. राजाच्या आजारामुळें समारंभ झाला ९ ऑगस्टला. तारीख जुळत नाहीं म्हणून तें पदक बनावट ठरवूं नये.

आतां मुख्य मुद्दा. दरबाराचीं हीं पदकें नांव न कोरतांच दिलीं जात. कडेवर नांव असल्यास तें मागाहून खासगी रीतीनें कोरविलेलें समजावें. केवळ त्यावर भिस्त ठेवूं नये. पदक कोणास मिळालें ह्याचा खरा पुरावा सोबतचें पत्र, यादी किंवा निमंत्रण हाच होय. संस्थानचें दफ्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत आहे. घरांतील कागद त्याशीं ताडून पाहावा. पण वांटणींत पदक एका भावाकडे व रुमाल दुसऱ्याकडे गेला, म्हणजे पदक हजारांतील एक होतें आणि कागद निराधार होतो. ही हानि पुढें कोणत्याही पैशानें भरून येत नाहीं. म्हणून दोहोंची नोंद एकत्र करावी, व शक्य तर तीं एकाच हातीं ठेवावीं.

चिंच-राखेनें पदक घांसूं नये; काळवंडलेलें पदकच जाणता गिऱ्हाईक पसंत करितो. कानसीनें कड तपासणें तर सर्वथा वर्ज्य. फीत सोडवून पदक हवेंत व पाण्यांत तोलावें, आणि हवेंतील वजनास पाण्यांत घटलेल्या वजनानें भागावें. भागाकार १०.३ च्या आसपास आल्यास चांदी चांगली. साडेआठाच्या जवळ आल्यास जर्मन सिल्व्हरचा संशय घ्यावा.

लंडनच्या लिलावांतील आंकडे येथें लावूं नयेत. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तु खासगी व्यक्तीस परदेशीं धाडितां येत नाहींत; १९०३ व १९११ चीं पदकें आतां त्यांतच मोडतात. तुलना करावयाची ती आपल्याकडेच झालेल्या, कागदासह विकल्या गेलेल्या त्याच पदकाशीं.