विलक्षण कैफियती

कान, नाक आणि घसा ही इंद्रिये सर्वांच्या नित्य परिचयाची असली, तरी त्यांचा जो भाग खरोखर काम करतो तो हाडांच्या पोकळ्यांत, वाकड्यातिकड्या मार्गांच्या शेवटी आणि पूर्ण अंधारात दडलेला असतो. आणि म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या इंद्रियांच्या विकारांविषयी वैद्याला जे काही कळत असे, ते बहुतांशी रुग्णाच्या तोंडच्या हकिगतीवरूनच कळत असे. जिवंत माणसाचे स्वरयंत्र काम करताना नीट पाहण्याचा मान इतिहासाने दिला तोही कोणा धन्वंतरीला नव्हे, तर मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाला. १८५४ साली पॅरिसमध्ये त्याने दंतवैद्य वापरतात तसा लांब दांड्याचा एक लहान आरसा विकत घेतला, श्वासाच्या वाफेने तो धूसर होऊ नये म्हणून गरम पाण्यात बुडवून पुसला, आपल्या पडजिभेला टेकवला, दुसऱ्या हातातील आरशाने सूर्याची तिरीप त्यावर पाडली, आणि स्वतःच्याच स्वररज्जूंची उघडझाप डोळ्यांनी पाहिली. पुढल्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा यासंबंधीचा निबंध वाचला गेला, आणि तेथपासून या अंधारात प्रकाश शिरू लागला.

आज दुर्बिणी आहेत, सीटी स्कॅन आहे, नाकातून मेंदूच्या तळापर्यंत पोचणारी उपकरणे आहेत. तथापि या शाखेतील विरळ आणि विस्मयकारक प्रकरणे जो कोणी लक्षपूर्वक वाचील, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही, ती ही की, जी तक्रार ऐकताना भ्रमिष्टपणाची वाटते, तीच पुष्कळदा शरीररचनेची सर्वांत अचूक साक्ष ठरते. रुग्णाचे चुकलेले नसते. ऐकणाऱ्याचे ज्ञान तेथवर पोचलेले नसते.

याचा सर्वांत बोलका दाखला अंतःकर्णाच्या एका विकाराचा आहे. या विकाराचा रुग्ण सांगतो की, मला माझ्या डोळ्यांची हालचाल ऐकू येते. बुबुळ उजवीकडून डावीकडे फिरवले की कानात घासल्याचा आवाज होतो. चालताना प्रत्येक पाऊल डोक्यात आदळते, नाडीचे ठोके ऐकू येतात, स्वतःचे बोलणे कानात घुमते, आणि कोठे मोठा आवाज झाला, किंबहुना जोराने शिंक आली, तरी समोरची भिंत कलल्याचा भास होऊन तोल जातो. अशी कैफियत ऐकून पिढ्यान्‌पिढ्या वैद्यांनी या माणसांना मानसोपचाराची वाट दाखवली असेल, तर त्यात नवल नाही. परंतु त्यांतील प्रत्येक शब्द खरा होता.

आपल्या अंतःकर्णात श्रवणाचे आणि तोल सांभाळण्याचे अशी दोन इंद्रिये एकाच द्रवाने भरलेली, अत्यंत कठीण हाडाच्या कवचात शेजारी शेजारी बसवलेली आहेत. या कवचाला निसर्गाने दोन गवाक्षे ठेवली आहेत: एकावर रिकिबीच्या आकाराचे इवलेसे हाड ध्वनीचा दाब देते, आणि दुसऱ्यावरचा पडदा तितकाच बाहेर फुगून तो दाब मोकळा करतो. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका या व्यवहारातून एरवी जवळजवळ अलिप्त राहतात. परंतु त्यांपैकी सर्वांत वरच्या नलिकेचे, मेंदूच्या बाजूचे हाडाचे छत जर झिजलेले किंवा मुळातच अपुरे असेल, तर तिसरे गवाक्ष निर्माण होते. मग ध्वनीचा दाब नको त्या वाटेने वळतो आणि तोलाच्या इंद्रियाला हलवतो. उलट शरीराच्या आतले, हाडांतून वाहत येणारे आवाज, जे एरवी आपल्याला कधीच जाणवत नाहीत, ते मोठे होऊन कानी पडतात. अशा रुग्णाच्या पायाच्या घोट्यावर नादकाटा, म्हणजे डॉक्टरांकडील ध्वनिचिमटा, वाजवून टेकवला, तर त्याचा नाद त्याला कानात ऐकू येऊ शकतो. निरोगी माणसाला घोट्यावर केवळ कंप जाणवेल.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात टुलिओ या इटालियन शास्त्रज्ञाने कबुतरांच्या अंतःकर्णातील नलिकांना छिद्र पाडून, ध्वनीने त्यांचे डोके व डोळे कसे हलतात हे दाखवले होते. पण माणसांतील या विकाराचा उलगडा व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे लॉइड मायनर यांनी अशा रुग्णांना ध्वनी ऐकवून त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले, आणि डोळे नेमके त्याच वरच्या नलिकेच्या प्रतलात फिरतात हे त्यांच्या लक्षात आले. स्कॅनमध्ये छताचे भगदाड दिसले. पुढे तेथेच मृत व्यक्तींची १,००० शंखास्थी तपासण्यात आली, तेव्हा ५ मध्ये छत पूर्ण उघडे आणि १४ मध्ये ते अतिशय पातळ आढळले. आता ती नलिका शस्त्रक्रियेने बुजवता येते आणि अनेकांचा त्रास थांबतो. ज्या निरीक्षणाने हे सर्व साधले, त्याला महागडे उपकरण लागले नव्हते. डोळे कोणत्या दिशेला सरकतात हे पाहण्याइतका धीर लागला होता, आणि त्याआधी रुग्ण खोटे बोलत नाही हे गृहीत धरण्याइतकी सहृदयता.

लुच्या फ्राय या पोलिश मज्जाविकारतज्ज्ञ बाईंची गोष्ट याच जातीची आहे. १९२३ साली त्यांनी आपल्या देशाच्या सैन्यातील एका तरुण जवानाच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. गोळीच्या जखमेनंतर कानापुढच्या लालाग्रंथीत पू होऊन तो बरा झाला होता. पण त्यानंतर तो जेवायला बसला की त्याचा एका बाजूचा गाल लाल होऊन घामाने भिजू लागे. फ्राय यांनी त्या भागातील मज्जातंतूंचा मार्ग शोधून काढला. ग्रंथीला लाळ सोडण्याचा हुकूम देणारे तंतू जखमेत तुटतात, पुन्हा वाढताना वाट चुकून कातडीतील घर्मग्रंथींना जाऊन मिळतात, आणि मग घास समोर आला की लाळेचा हुकूम घामावर बजावला जातो. गालाला आयोडिन लावून, वाळल्यावर वर स्टार्चची भुकटी टाकून काही खायला दिले, तर घाम फुटतो तेवढाच भाग काळानिळा होतो. आज लालाग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर हा विकार सर्रास दिसतो आणि त्याला फ्राय यांचेच नाव आहे. १९४२ साली नाझी अमलाखालील लव्हूफच्या ज्यू वस्तीत या विदुषीचा अंत झाला. तिच्या नावाबरोबर ही गोष्टही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सांगितली जावी असे मला फार वाटते.

कान कोरताना खोकला येतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. ज्या मज्जातंतूच्या शाखा घशाला आणि श्वासमार्गाला जातात, त्याचीच एक लहान शाखा कर्णनलिकेपर्यंत येते. आणि म्हणून महिनोन्‌महिने औषधे घेऊनही न हटणाऱ्या खोकल्याचे कारण क्वचित कानाच्या पडद्याला टेकलेल्या एका केसात सापडले आहे. केस काढला, खोकला थांबला.

परंतु सर्वच विलक्षण तक्रारी अशा निरुपद्रवी नसतात. एखाद्या बाईच्या एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा स्राव होतो, देवापुढे वाकून नमस्कार केला की टपटप थेंब पडतात, रात्री घशात खारट चव येते, आणि घरातले सगळे त्याला सर्दी म्हणतात. हा स्राव कधीकधी मेंदूभोवतीचा द्रव असतो. नाकाचे छत हेच मेंदूचे तळहाड. तेथे एका जागी ते चाळणीसारखे सच्छिद्र आणि कागदासारखे पातळ असते, आणि डोक्याला मार लागल्याने, शस्त्रक्रियेत, किंवा कवटीतील दाब वाढल्याने आपोआपही, त्यात छिद्र पडू शकते. जुने वैद्य एक खूण पाहत असत. सर्दीचा शेंबूड वाळला की रुमाल खळ दिल्याप्रमाणे कडक होतो. हा द्रव वाळला तर रुमाल मऊच राहतो. खूण पुरेशी खात्रीची नाही, आणि आता त्या द्रवातील एका विशिष्ट प्रथिनाची प्रयोगशाळेत तपासणी करून निदान पक्के केले जाते. पण रुमालाकडे लक्ष देणाऱ्या वैद्याची नजर मला मोलाची वाटते. हे छिद्र उघडे राहिले तर नाकातील जंतूंना मेंदूच्या आवरणापर्यंत वाट मिळते आणि जिवावर बेतणारा मेनिंजायटिस होऊ शकतो. १९२६ साली वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून असे छिद्र बुजवले. आज तेच काम बहुधा नाकातून, दुर्बिणीने, चेहऱ्यावर एकही टाका न घालता होते, आणि दहांतील नऊहून अधिक रुग्णांत यशस्वी होते. म्हणूनच एका बाजूच्या, रंगहीन, वाकल्यावर वाढणाऱ्या सर्दीला काढा देत बसणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय नव्हे, धोका आहे.

रुग्ण काय सांगतो याबरोबरच तो पोटासाठी काय करतो हेही विचारावे लागते, याचा दाखला आपल्या पुण्याचा आहे. नाकात लालसर, चटकन रक्त येणारी, वर पांढरे ठिपके असलेली गाठ वाढवणारा ऱ्हायनोस्पोरिडिओसिस नावाचा रोग भारत आणि श्रीलंका या दोन देशांत जगात सर्वाधिक आढळतो. ब्वेनोस आयरेसच्या गिलेर्मो सीबर याने १९०० साली त्याचे वर्णन केले, कलकत्त्याच्या ओकिनीली यांनी १९०३ साली आपल्या रुग्णाचा वृत्तान्त दिला, आणि १९३३ साली नोरोन्हा यांनी पुण्यातील वाळू काढणाऱ्या मजुरांमध्ये हा रोग आढळत असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. नदीच्या पाण्यात उतरून वाळू उपसणारे, तळ्यात नित्य डुंबणारे, गुरांबरोबर एकाच डोहात अंघोळ करणारे असे लोक या रोगाचे प्रामुख्याने बळी होत. या गाठीच्या पांढऱ्या ठिपक्यांत रोगजंतूच्या बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या असतात. जंतू कोणत्या कुळातला याविषयीचा वाद मात्र शतकभर चालला: कोणी त्याला आदिजीव मानले, १९२३ साली एडिंबरोच्या ॲशवर्थ यांनी त्याला बुरशीत घातले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकांच्या तपासणीनंतर तो प्राणी आणि बुरशी यांच्या वंशशाखा जेथे वेगळ्या होतात त्या सुमाराच्या, मुख्यतः माशांना पीडणाऱ्या एका जीवसमूहात गणला गेला. कृत्रिम खाद्यावर तो आजवर समाधानकारकपणे वाढवता आलेला नाही. शस्त्रक्रियेने गाठ काढून तिची मुळाची जागा जाळणे हाच प्रमुख उपाय, आणि तो करूनही गाठ पुन्हा उगवू शकते. कारण मजूर बरा होऊन त्याच पाण्यात परत उतरतो. या रोगाकडे केवळ नाकाचा रोग म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. तो दारिद्र्याचा आणि पाण्याचाही रोग आहे.

आता श्वासनलिकेकडे वळू, कारण तेथे कैफियतीचे मोल जिवाच्या किमतीने मोजले जाते. १८९७ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासनलिकेत अडकलेला डुकराच्या हाडाचा तुकडा, कोकेनने घसा बधिर करून, तोंडावाटे सरळ नळी घालून चिमट्याने बाहेर काढला. तोवर अशा माणसांना बहुधा छाती उघडण्याची जोखीम किंवा फुप्फुस कुजून येणारा मृत्यू, एवढेच पर्याय असत. ही विद्या पुढे पूर्णत्वास नेली ती अमेरिकेच्या शेव्हालिए जॅक्सन यांनी. काढावयाच्या वस्तूची हुबेहूब जोड मिळवून, ती रबरी नळीत तशीच अडकवून, कोणता चिमटा कोणत्या कोनातून लावावा याचा सराव करावा आणि मगच रुग्णाला हात लावावा, असा त्यांचा दंडक होता. लोकांच्या घशातून, अन्ननलिकेतून आणि श्वासमार्गातून काढलेल्या २,३७४ वस्तूंचा त्यांचा संग्रह फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे: टाचण्या, गुंड्या, नाणी, दाणे, खेळण्यांचे तुकडे.

आपल्याकडे यातली एक फार घातक वस्तू म्हणजे साधा शेंगदाणा. दाढा न आलेले मूल दाणा चावू शकत नाही. हसता-रडताना तो श्वासाबरोबर आत जातो, आणि बहुधा उजव्या बाजूला, कारण तिकडची नळी रुंद व अधिक सरळ असते. मुलाला जोराचा ठसका लागतो, चेहरा निळा पडतो, आणि थोड्या वेळाने सर्व शांत होते. ही शांतताच फसवी. दाण्यातील तेलाने नळीला सूज येते, काही दिवसांनी घरघर सुरू होते, आणि मूल दम्याच्या किंवा न्यूमोनियाच्या औषधांवर आठवडेच्या आठवडे काढते. एक्स-रेत दाणा दिसत नाही. अशा वेळी, ‘त्या दिवशी दाणे खाताना ठसका लागला होता हो,’ हे आजीचे एक वाक्य सगळ्या तपासण्यांहून मोलाचे असते. पण ते विचारले जात नाही, आणि विचारले नाही म्हणून सांगितले जात नाही. खेळण्यातली लहान शिट्टी श्वासनलिकेत गेलेल्या मुलांच्या श्वासाबरोबर छातीतून शिट्टी वाजल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. शेंगदाणा इतका दयाळू नसतो.

याहून भयंकर वस्तू आता प्रत्येक घरात आली आहे: रिमोट, घड्याळ आणि खेळणी यांतली चपटी, चकचकीत बटन बॅटरी. ती नाकात किंवा अन्ननलिकेत अडकली की ओलसर त्वचेतून वीज वाहू लागते, ऋण बाजूला दाहक क्षार तयार होतो, आणि अवघ्या दोन तासांत मांस जाळू लागतो. नाकात मधल्या पडद्याला भोक पडते, अन्ननलिकेत ते जीवघेणे ठरू शकते. एक्स-रेत ती नाण्यासारखी दिसते, पण कडेला दुहेरी वलय असते. मुलाने बॅटरी तोंडात किंवा नाकात घातल्याची नुसती शंका जरी आली, तरी नाकात तेल किंवा थेंब घालू नयेत, उलटी करवू नये, सकाळची वाट पाहू नये. तडक मोठ्या रुग्णालयात जावे, तशीच दुसरी बॅटरी घरात असेल तर ती बरोबर न्यावी, आणि घटना किती वाजता घडली ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.