अंतर्दर्शनातील शामके

अंतर्दर्शनातील शामके : अन्ननलिका, जठर, ग्रहणी, बृहदांत्र इ. भागांची आतून तपासणी करण्यासाठी लवचिक अंतर्दर्शक घालताना रुग्णाची भीती व अस्वस्थता कमी करणारी औषधे. बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये तंतुप्रकाशीय जठरदर्शक प्रथम वापरला. त्यानंतर ही तपासणी सर्वत्र रूढ झाली आणि अल्पकाळ टिकणाऱ्या गुंगीची गरज वाढली.

येथे सामान्यतः संपूर्ण बेशुद्धी अपेक्षित नसते. हाक मारल्यास रुग्णाने प्रतिसाद द्यावा व त्याचे श्वसन आपोआप चालू राहावे, एवढीच गुंगी पुरेशी असते. तथापि हलकी गुंगी, गाढ गुंगी व बेशुद्धी यांत स्पष्ट सीमारेषा नाही; एकाच मात्रेने एक रुग्ण पेंगतो, तर दुसऱ्याचे श्वसन मंदावते. त्यामुळे चूक झाल्यास ती सुधारता येते की नाही, हा औषधांच्या तुलनेतील कळीचा प्रश्न ठरतो.

डायाझेपाम (१९६३) हे दीर्घकाळ प्रचलित होते. ते पाण्यात विरघळत नसल्याने त्याचे अंतःक्षेपण वेदनाकारक असते व नीलेचा दाह होऊ शकतो. त्याचे अर्धायुष्य सु. २० ते ५० तास असून त्याची चयापचयजन्य द्रव्येही क्रियाशील असतात. साहजिकच घरी गेलेल्या रुग्णावर गुंगीचा अंमल राहतो. मिडाझोलाम अम्लीय विद्रावात पाण्यात विरघळते. रक्तात शिरताच त्याच्या रेणूतील उघडलेले वलय मिटते व ते मेदविद्राव्य बनून मेंदूत त्वरेने पोहोचते. त्याचे अर्धायुष्य सु. दोन ते तीन तास असते व तपासणीची आठवण बहुधा राहत नाही.

हे औषध अमेरिकेत १९८५ मध्ये संमत झाले. ते डायाझेपामहून बरेच प्रभावी असल्याची पुरेशी जाणीव नसल्याने आरंभी मोठ्या मात्रा दिल्या गेल्या आणि श्वसन थांबून मृत्यू घडले. त्यानंतर मात्रा घटविण्यात आल्या. निरोगी प्रौढास प्रारंभी २·५ मिग्रॅ.हून अधिक नाही, वृद्धास १·५ मिग्रॅ.हून अधिक नाही व तीही निदान दोन मिनिटे सावकाश, असा दंडक झाला. पेथिडीन वा फेंटानिल यांसारख्या वेदनाशामकाची जोड दिल्यास श्वसनाचा धोका वाढतो. मिडाझोलामवर फ्लुमाझेनिल व या वेदनाशामकांवर नॅलोक्सोन ही प्रतिरोधके आहेत; परंतु फ्लुमाझेनिलचा परिणाम लवकर ओसरत असल्याने रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो.

प्रोपोफॉल (ब्रिटन, १९८६) अर्ध्या-पाऊण मिनिटात गुंगी आणते व रुग्ण काही मिनिटांतच शुद्धीवर येतो. सोयाबीन तेल व अंड्यातील लेसिथीन यांच्या पायसात ते असल्याने दुधाळ दिसते. त्यामुळे रक्तदाब उतरतो, गुंगी क्षणार्धात बेशुद्धीत बदलू शकते आणि त्यावर प्रतिरोधक नाही. ते कोणी द्यावे, शुद्धिहारकतज्ज्ञानेच की प्रशिक्षित अन्य वैद्याने, याविषयी देशोदेशी मतभेद आहेत. वैद्य कोणीही असो, अंतर्दर्शकावर नजर खिळलेल्या व्यक्तीनेच श्वसनावरही लक्ष ठेवावे, ही अपेक्षा धोक्याची होय.

रेमिमाझोलाम (अमेरिका, २०२०) हे यकृतातील एस्टरेज एंझाइमामुळे झपाट्याने विघटित होते व त्यावर फ्लुमाझेनिल लागू पडते. केवळ जठराच्या तपासणीस घशात लिडोकेनाचा फवारा मारूनही अनेकांचे भागते. अशा रुग्णाला त्याच दिवशी वाहन चालविण्यासही सहसा हरकत नसते.