माळ एक, हेदर तीन

ऑगस्टमध्ये स्कॉटलंडचे डोंगरमाळ जांभळे होतात. त्या सगळ्याला सरसकट ‘हेदर’ म्हणून बहुतेक प्रवासी पुढे जातात. गुडघे टेकून पाहणाऱ्याला मात्र तिथे सहसा तीन वेगवेगळी झुडपं एकमेकांत मिसळलेली दिसतात. तिन्ही एरिकेसी कुळातली. हिमालयातला बुरांस आणि ब्लूबेरीही याच कुळातले.

खरं हेदर म्हणजे कॅलुना व्हल्गॅरिस. गुडघ्याच्या आत-बाहेर उंची, काटक फांद्या, सदाहरित पानं. लिनियसने १७५३ साली त्याला एरिका या प्रजातीत बसवलं होतं. १८०२ मध्ये सॉल्सबरीने ते वेगळं काढलं. आजही कॅलुना प्रजातीत ही एकच जात आहे.

वेगळं काढण्याचं कारण भिंगाखाली लगेच पटतं. हेदरचं पान जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं. पानांच्या समोरासमोरच्या जोड्या खवल्यांसारख्या फांदीला इतक्या चिकटून बसतात की कोवळी डहाळी चौकोनी भासते. खरी गंमत फुलात आहे. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती असतात निदलं! ही चार जांभळट निदलं लांब असतात आणि खऱ्या पाकळ्या त्यांच्याआड दडलेल्या असतात. त्यांच्याखालची चार हिरवी छदं हुबेहूब नेहमीच्या हिरव्या निदलांसारखी दिसतात, त्यामुळे नवखा अभ्यासक इथे हमखास फसतो. बी तयार झाल्यावरही ही निदलं गळत नाहीत. वाळून, तपकिरी होऊन फांदीवरच राहतात. म्हणून हेदर हिवाळ्यातही ओळखता येतं.

दुसरं झुडूप एरिका सिनेरिया, म्हणजे बेल हेदर. याची पानं सुईसारखी, गर्द हिरवी, प्रत्येक पेऱ्यावर तीन-तीन. फूल भडक जांभळं, तोंडाशी आवळलेल्या इवल्या मडक्यासारखं, आणि इथे रंग पाकळ्यांचाच. आखूड जिभेचे भुंगे त्या अरुंद तोंडातून आत न शिरता बुडाशी भोक पाडून मध पितात. अशी भोकं शोधली की सापडतात.

तिसरं एरिका टेट्रालिक्स. पेऱ्यावर चार पानं, वरून पाहिली तर अधिक चिन्हासारखी; करडी आणि केसाळ. फिकट गुलाबी फुलांचा झुबका फांदीच्या अगदी टोकाला.

पायाखालची जमीनही मदत करते. बेल हेदरला कोरडा उतार हवा, टेट्रालिक्सला पाणथळ, दलदलीची जागा. कॅलुना दोन्हींच्या मधल्या जागेत पसरतं आणि दोन्हीकडे थोडी घुसखोरीही करतं. आम्लधर्मी, निकस माती मात्र तिघांनाही चालते, कारण त्यांच्या बारीक मुळांत राहणारी बुरशी त्यांना नत्र मिळवून देते.

रंगावरून ओळख पटवणं धोक्याचं आहे, कारण तिन्ही जातींत पांढरी फुलंही आढळतात. ऑगस्टमध्ये तिकडे जाणार असाल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा, फांदी न तोडता वाका आणि फुलाआधी पेऱ्यावरची पानं मोजा.